पडून असलेल्या स्लॅबचं रिव्हर टेबल: डबा उघडण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

रिव्हर टेबल म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांच्या मध्ये नदीसारखा रेझिनचा (ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा) पट्टा असलेलं टेबल. ते बिघडलं की पहिल्या शिव्या रेझिनला बसतात. मग कंपनी बदलायची, अजून महाग रेझिन आणायचं, आणि परत तेच, कडेला फट, आत बुडबुडे, आणि पावसाळा गेला की टेबल एका कोपऱ्यावर डुगडुगतंय. बहुतेक वेळा दोष रेझिनचा नसतोच, लाकूड ओलं असतं, साल नीट काढलेली नसते किंवा साचा गळका असतो. ओतणं हे एका संध्याकाळचं काम आहे, त्याआधीची तयारी मात्र काही महिने खाऊ शकते. ही तयारी उरकून टाकायच्या नादात सगळं बिघडतं, म्हणून खाली क्रम दिलाय तो मोडू नका.

उदाहरण म्हणून आंब्याचा स्लॅब, म्हणजे खोडाची उभी चिरलेली जाड फळी, धरू, कारण वखारीत तो स्वस्तात आणि सहज मिळतो. टेबल ४ फूट बाय २ फूट, स्लॅबची कच्ची जाडी २ इंच, तयार जाडी साधारण ४ सेंमी. चिंच, बाभूळ, शिरीष असेल तरी क्रम हाच, फक्त चिंच आणि बाभूळ पात्यांची वाट लावतात एवढं लक्षात ठेवा.

१. स्लॅब निवडणं

वखारीत किंवा सॉ मिलमध्ये स्लॅब उभा करून त्याच्या कडेने एक डोळा मिटून बघा. पीळ असेल, म्हणजे चार कोपऱ्यांपैकी एक वर उचललेला असेल, तर सपाट करताना जाडी भरपूर जाते. दोन इंची स्लॅबमध्ये एका बाजूला अर्धा इंच पीळ असेल तर तो सोडा, कितीही सुंदर दिसत असला तरी.

मग गाभा बघा. झाडाच्या मधोमधचा गाभा स्लॅबमधून जात असेल तर तिथे तडा जाणारच, आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात. रिव्हर टेबलात एक सोय आहे, स्लॅब उभा चिरायचाच असतो, त्यामुळे गाभ्याची पट्टी तिथेच कापून टाकता येते, फक्त तेवढी रुंदी हिशोबात धरा.

आंब्याला भुंगा लागतो. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा दिसला की समजायचं आत वस्ती आहे. जुनी, रिकामी भोकं चालतात, ताजा भुसा पडत असेल तर नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारता येतं, पण ते मारलं की लाकूड परत ओलं होतं आणि सुकवायचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होतं.

रस्त्यावर वादळात पडलेलं झाड दिसलं म्हणून कोणाकडून परस्पर कापून आणू नका, शहरात झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि सागासारख्या लाकडाच्या वाहतुकीला पास लागतो. वखारीतून घ्या, बिल घ्या. जुन्या वाड्याचं लाकूड असेल तर त्यावरून जोरदार चुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतातच आणि राउटरचं (लाकूड कोरणाऱ्या मशीनचं) पातं खिळ्यावर बसलं की तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

२. सुकलंय का, हे मोजून ठरवणं

"दुकानदार म्हणाला दोन वर्षं जुनं आहे" हे मोजमाप नाही. दोन वर्षं कुठे होतं? उघड्यावर, ताडपत्रीखाली, जमिनीला टेकून? उघड्या हवेत सुकायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात आणि तेही नीट थर लावून, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून. म्हणजे आपल्या दोन इंची स्लॅबला दोन वर्षं. भट्टीत सीझनिंग करून मिळत असेल तर पैसे जास्त द्या आणि तेच घ्या.

पिन वाला मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो. वरवर टोचलं तर वरची कातडीच मोजली जाते, त्यामुळे टोकाकडून दोन इंचाचा तुकडा कापून ताज्या कापलेल्या तोंडाच्या मधोमध पिना टोचा. देशावर १० ते १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. कोकणात आणि मुंबईत हवाच इतकी दमट की लाकूड त्याच्यावरच थांबतं, तिथे एसी खोलीत काही आठवडे ठेवून मग मोजा, कारण टेबल शेवटी त्याच खोलीत राहणार आहे.

मीटर नसेल तर वजनकाटा. स्लॅबचं वजन करा, लाकडावरच पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा, पंधरा दिवसांनी परत करा. सलग दोन-तीन वेळा वजन तेच आलं तर ते लाकूड तिथल्या हवेपुरतं सुकलं. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रयोग करू नका, तेव्हा वजन उलट वाढतं.

तपासा: दोन्ही टोकांना जुना रंग किंवा मेण लावून ठेवलंय का? नसेल तर आजच लावा. टोकाकडून पाणी सगळ्यात भराभर जातं आणि तिथूनच चिरा सुरू होतात.

३. चिरणं, थांबणं, मग सपाट करणं

इथे क्रम हमखास चुकतो. लोक आधी अख्खा स्लॅब सपाट करतात, मग चिरतात, आणि चिरल्यावर दोन्ही तुकडे केळ्यासारखे वाकतात, कारण लाकडात अडकलेला ताण चिरल्यावर सुटतो. म्हणून आधी चिरा. उभा, मधोमध, गाभा वगळून. मग दोन्ही तुकडे फिरवा म्हणजे झाडाच्या नैसर्गिक वेड्यावाकड्या कडा एकमेकींसमोर आत येतील आणि सरळ कापलेल्या कडा बाहेर. आतल्या त्याच कडा म्हणजे तुमच्या नदीचे काठ.

आता किमान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे, पट्ट्यांवर ठेवून द्या. वाकायचं ते वाकू दे. त्यानंतर राउटर स्लेडने (राउटर लाकडावरून सरकवायच्या सपाट चौकटीने) किंवा ओळखीच्या सुताराच्या मोठ्या रंधा मशीनवर दोन्ही बाजू सपाट करा. जाडी ४.५ सेंमी ठेवा, ४ सेंमीवर आणू नका. ओतून झाल्यावर परत एकदा सपाट करायचंय, त्यासाठी तो अर्धा सेंमी हातात पाहिजे.

४. साल आणि कडा

साल कितीही छान दिसत असली, कितीही घट्ट वाटत असली तरी काढायचीच. रेझिन सालीला चिकटतं, पण साल लाकडाला सोडते, आणि मग काठावर जी फट दिसते तिला लोक "रेझिन आकसलं" म्हणतात.

पटाशीने साल उचकटून काढा, पटाशी लाकडात घुसवू नका, सालीच्या खालून सरकवा. साल निघाली की खाली एक तपकिरी, धाग्याधाग्याचा पातळ पापुद्र्यासारखा थर राहतो, तोसुद्धा काढायचा. त्याला वायर ब्रश, ड्रिलला लावायचा नायलॉन ब्रश किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर. अंगठ्याचं नख काठावरून ओढून बघा. काही सुटून येत असेल तर काम बाकी आहे. नखाला फक्त टणक लाकूड लागलं पाहिजे.

कुजका, स्पंजासारखा भाग टोच्याने उकरून टाका. थोडा मऊ पण देखणा भाग ठेवायचाच असेल तर त्यावर पातळ रेझिन पाजून कडक करून घ्या. शेवटी व्हॅक्यूम मारा, नंतर स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने नाही, थिनरने नाही.

५. सील कोट

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा, आत हवा. त्यावर थेट पाच सेंमी रेझिन ओतलं की ती हवा तासन् तास वर येत राहते आणि रेझिन घट्ट व्हायला लागल्यावर मध्येच अडकते. म्हणून आधी थोडं रेझिन ब्रशने नदीच्या काठांना, तळाला, चिरांमध्ये आणि गाठींमध्ये चोपडून घ्यायचं. यासाठी लवकर सेट होणारं टेबल टॉप रेझिन घ्या, डीप पोर (जाड थर ओतायचं, हळू सेट होणारं रेझिन) नको, ते दोन दिवस ओघळत बसतं.

गाठी आणि टोकं रेझिन पितात, अर्ध्या तासाने कोरडी दिसली की परत लावा. आरपार भोकं आणि चिरा खालून टेप लावून आधीच भरून घ्या.

सील कोट पूर्ण कडक झाला असेल तर त्यावर १२० नंबरचा पेपर मारून चमक घालवा, पुसा, मगच पुढे. चकचकीत कडक थरावर नवीन रेझिन नीट धरत नाही.

६. साचा

शटरिंगचा फिल्म फेस प्लाय किंवा मायका लावलेला बोर्ड घ्या. खालचा तळ आणि चार बाजूच्या पट्ट्या, आतली लांबी-रुंदी टेबलापेक्षा थोडी जास्त, म्हणजे आपल्या टेबलाला आतून १२५ सेंमी लांबी. साचा ताकदीचा पाहिजे, प्लाय १८ मिमीचा घ्या आणि पट्ट्या स्क्रूने बसवा, खिळ्यांनी नाही, कारण नंतर उघडायचाय.

आतून सगळीकडे चॉकलेटी पॅकिंग टेप लावा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवून, सुरकुती न ठेवता. रेझिन त्या टेपला चिकटत नाही. कागदी मास्किंग टेप वापरलीत तर साचा आणि टेबल कायमचे एक होतील. कोपऱ्यांच्या सांध्यात सिलिकॉन भरा, बोटाने ओढा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या.

सावधान: सिलिकॉनचं बोट लाकडाच्या काठाला लागू देऊ नका. जिथे सिलिकॉन लागलं तिथे रेझिन चिकटत नाही आणि ते दिसतही नाही, कळतं ते फट पडल्यावरच.

साचा पाणसळ लावून दोन्ही दिशांनी लेव्हल करा. फ्लॅटच्या बाल्कनीत आणि गच्चीवर फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, तिथे साचा ठेवला तर एका टोकाला रेझिन सांडेल आणि दुसऱ्या टोकाला लाकूड उघडं राहील. खाली पाचर घाला, परत पाणसळ बघा.

आता स्लॅब आत ठेवा आणि दाबून बांधा. ही पायरी लोक विसरतात. रेझिन लाकडापेक्षा जड असतं, त्यामुळे स्लॅब तरंगतो, वर उचलला जातो आणि सगळं रेझिन त्याच्या खाली शिरतं. आडव्या पट्ट्या टाकून त्यांना क्लॅम्प लावा, पट्टीच्या खालच्या बाजूलाही टेप पाहिजे.

तपासा: खोलीत अंधार करा, साच्याच्या बाहेरून सांध्याला टॉर्च लावा आणि आतून बघा. उजेडाची रेघ दिसली तर तिथून गळणार. पाणी भरून टेस्ट करू नका, एवढे महिने सुकवलेलं लाकूड परत भिजवण्यात काय अर्थ आहे?

७. हिशोब, रंग आणि मिक्सिंग

नदीची रुंदी सारखी नसते, म्हणून दर २० सेंमीला मोजा आणि सरासरी काढा. समजा सरासरी १८ सेंमी आली. मग १२५ × १८ × ४.५ म्हणजे १०,१२५ घन सेंमी, म्हणजे १० लिटरच्या थोडं वर. रेझिन पाण्यापेक्षा साधारण १० टक्के जड असतं, म्हणजे ११ किलोच्या आसपास. गळती, बादलीला चिकटलेलं आणि कडेच्या फटी धरून १२ किलो आणा. मध्येच कमी पडलं आणि चार दिवसांनी दुसऱ्या बॅचचं आलं, तर रंगात थर दिसतो.

दुकानात नुसतं "रेझिन द्या" म्हणू नका. फायबर ग्लासवाल्यांचं पॉलिस्टर रेझिन हातात येऊ शकतं, त्याला उग्र वास येतो आणि ते खूप आकसतं. आपल्याला इपॉक्सी पाहिजे, डीप पोर, आणि डब्यावर एका वेळी किती मिमी ओतायचं ते छापलेलं पाहिजे. टेबल टॉप इपॉक्सी एकदम पाच सेंमी ओतलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने उकळतं, पिवळं पडतं, तडकतं, आणि प्लास्टिकचा डबासुद्धा वितळवतं.

प्रमाण: रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे ते कडक करणारा दुसरा भाग, मिसळायचा असतो. डब्यावर २:१ लिहिलं असेल तर ते वजनाने की मापाने, हे आधी बघा. हार्डनर हलका असतो, त्यामुळे दोन्हींचा हिशोब वेगळा येतो. "थोडं हार्डनर जास्त टाका, लवकर सुकेल" हा सल्ला पॉलिस्टरवाल्यांकडून आलाय, तिथे ते चालतं. इपॉक्सीत जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि टेबल कायम चिकट राहतं, त्यावर काही उपाय नाही, खरवडून काढावं लागतं.

रंग टाकायचा तो हार्डनरच्या आधी, रेझिनमध्येच. मायका पावडर किंवा इपॉक्सीचा पिगमेंट घ्या, भिंतीचा किंवा पोस्टर कलर नको, त्यात पाणी असतं. अगदी थोडा टाका, पांढऱ्या कपात ओतून बघा आणि लक्षात ठेवा की पाच सेंमी जाडीत तोच रंग कितीतरी गडद दिसणार. माझं मत विचाराल तर गडद किंवा अपारदर्शक रंग घ्या. पूर्ण पारदर्शक नदीत प्रत्येक बुडबुडा, प्रत्येक धूलिकण दिसतो, पहिल्या टेबलाला तो हट्ट कशाला?

मिक्सिंग हळू, ड्रिल कमी स्पीडला, किमान पाच मिनिटं. बादलीच्या कडा आणि तळ लाकडी पट्टीने खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून परत दोन मिनिटं ढवळा, कारण पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतंच आणि टेबलावरचे चिकट डाग तिथूनच येतात.

सावधान: मिसळलेलं रेझिन बादलीत ठेवून फोन घ्यायला जाऊ नका, ढिगात ते फार लवकर तापतं. ३-४ किलोच्या बॅच करा, एक ओतली की लगेच दुसरी. बादली गरम लागली, धूर यायला लागला तर उघड्यावर नेऊन ठेवा आणि जवळ उभं राहू नका.

हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज आणि तोंडाला केमिकल कार्ट्रिजचा मास्क. इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं तर ॲलर्जी होते आणि ती एकदा झाली की जन्मभराची, नंतर नुसत्या वासाने हात लाल होतात. लागलं तर कोरड्या कापडाने पुसून साबण-पाणी लावा. थिनरने हात धुतले तर तेच रेझिन कातडीच्या आत ढकललं जातं.

८. ओतणं

वेळ आणि ऋतू दोन्ही निवडा. २० ते २५ अंश तापमान बरं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात दुपारी ओतलंत तर डीप पोरसुद्धा तापून तडकू शकतं. करायचंच असेल तर रात्री ओता आणि दोन थरांत ओता. पावसाळ्यात दमटपणामुळे वर तेलकट, धुरकट साय येते, तेव्हा लाकूड सुकवत बसा.

आधी सगळ्या नदीभर अर्धा सेंमीचा पातळ थर ओता आणि अर्धा तास खाली वाकून गळती बघा. गळती सापडली तर आत्ता सोपं आहे, बाहेरून सिलिकॉन किंवा ग्लू गनने बंद होते. सगळं ठीक असेल तर बाकीचं ओता, एकाच जागी बारीक धारेने, रेझिन स्वतः पसरतं. लाकडापेक्षा किंचित वर येऊ द्या, कारण सुकताना थोडं खाली बसतं.

बुडबुड्यांना हीट गन, एक फूट वरून, हात सतत हलता ठेवून. एका जागी धरलीत तर तिथे लाटा पडतात. पहिल्या दोन-तीन तासांत तीन-चार वेळा फिरवा, मग हात लावू नका. पंखा बंद. वर काहीतरी छत करा, पण रेझिनला न टेकणारं. ट्यूबलाइट चालू ठेवून गेलात तर सकाळी नदीत चिलटं आणि डास कायमचे बंदिस्त मिळतील.

दुसरा थर द्यायचा असेल तर पहिला बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही अशा वेळी द्या. ती वेळ हुकली तर पूर्ण कडक होऊ द्या, घासा, पुसा, मग द्या.

९. काढणं, सपाट करणं, घासणं

नख रुतत नाही ना बघा, तोवर साचा उघडू नका. डीप पोरला यासाठी दोन-तीन दिवस सहज लागतात, थंडीत जास्तच. काढल्यावर टेबल सपाट पट्ट्यांवर ठेवा, भिंतीला तिरकं टेकवू नका, अजून ते पूर्ण कडक नाही आणि वाकेल. राउटर लावायच्या आधी एकूण आठवडा जाऊ द्या.

राउटर स्लेडने एका वेळी १ ते २ मिमीच काढा. दोन्ही बाजूंनी सारखं काढा, सगळं एकाच बाजूने काढलं तर टेबल वाकतं. मग टोकं कापून चौकोन करा, गुण्या लावून बघा, धारा थोड्या गोल करा.

घासायला ऑर्बिटल सँडर, ८०, १२०, १५०, २२०, मधला नंबर न गाळता. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत, फक्त लपतात आणि फिनिश लावल्यावर गोल गोल दिसायला लागतात. प्रत्येक नंबरनंतर पुसा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाका. सँडर दाबू नका, रेझिन तापून मऊ होतं आणि पेपर भरतो. मास्क इथेही, रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

१०. फिनिश

आरशासारखी चमक आवडत असेल तर वरून रेझिनचा थर देता येतो, पण रोजच्या वापरात त्यावर ओरखडे लगेच दिसतात. घरच्या टेबलाला हार्डवॅक्स ऑइल बरं, पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढायचं, पुसताना कंजूषपणा नको, राहिलेलं तेल चिकट होतं. पॉलिशवाल्याकडून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेणार असाल तर आधी उरलेल्या तुकड्यावर मारून दोन दिवसांनी नखाने खरवडून बघा.

खालची बाजूसुद्धा तितकीच फिनिश करायची. वर तीन हात आणि खाली कोरडं असेल तर दोन्ही बाजूंनी लाकूड वेगवेगळा दमटपणा घेतं आणि टेबल वाटीसारखं होतं.

सावधान: तेलाचे बोळे चुरगळून डस्टबिनमध्ये टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

११. पाय लावणं

रेझिन आणि लाकूड मिळून हे टेबल २५ किलोच्या आसपास जातं, वर पायांचं वजन वेगळं, त्यामुळे शोभेचे बारीक पाय नकोत. दोन इंची लोखंडी बॉक्स सेक्शनचे पाय फॅब्रिकेटरकडून करून घ्या, वरच्या प्लेटला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून मागा, लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, खाचेत बोल्ट सरकतो, गोल भोकात सरकत नाही आणि मग लाकूडच फाटतं. लाकडात थ्रेडेड इन्सर्ट (आतून आटे असलेली धातूची नळी) बसवा, रुंद वॉशर घाला, बोल्ट घट्ट पण करकचून नाही. वेल्डिंग सगळं टेबलापासून लांब.

टेबल खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं. गॅसवरून उतरलेला कुकर किंवा कढई तर अजिबात टेकवायची नाही, बरीचशी रेझिन ५०-६० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतात आणि कुकरच्या बुडाचा गोल ठसा उमटतो. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा खाली वाकून बोल्ट तपासा.